जितीच्या नावाचा भात

“मावशी, ही पुरचुंडी तुमच्याच हातानं कुंडात सोडा... सरांच्या अक्काच्या नावची हाय! बिचारी भूकंपात गेली हो, भावाला पोटाशी धरून!”

देवणीच्या नागुबाईनं हे इतक्या मायेनं म्हटलं, की सिंधुला आधी अर्थच लागेना. समोर हिमाचलातल्या मणिकर्णचं कुंड खदखदत होतं. महादेवाचं देऊळ आणि गुरुद्वारा जिथं शेजार करून आहेत, तिथं ज्यानं त्यानं तांदळाची पुरचुंडी दोरीनं उकळत्या पाण्यात सोडायची, भात शिजला की प्रसाद म्हणून खायचा, अशी रीत. तशीच एक पुरचुंडी तिच्या हातात होती... तिच्याच नावची! कारण मन्मथसरांची अक्का ती स्वतःच होती!

“गेली? कोण म्हणलं तुमाला?” तिनं कसंबसं विचारलं.

“सरच की! दर वर्षी पहिल्या दिवशी हॉलमदी सांगतेत. लेकरं ढसाढसा रडतेत. माझी पोरगी तर त्या दिसापासून दिवसरात्र अभ्यास करायली. तिचा नंबर लागला तो त्या माऊलीच्या पुण्याईनं! म्हणलं, तिच्या नावानं दोन घास शिजवावेत.”

क्लासच्या त्या हॉलमध्ये सिंधु कधी गेलीच नव्हती. तिचं जग म्हणजे वसतिगृहाचं स्वयंपाकघर! किल्लारीच्या शेजारचं त्यांचं खेडं त्या काळपहाटे जमीनदोस्त झालं, आईबाप दगडमातीखाली गेले, आणि लहानग्या मन्मथला छातीखाली घेऊन ती उजाडेपर्यंत तशीच पडून राहिली, त्यात डावा हात कायमचा वाकडा झाला. तिच्या लग्नाची सुपारी फुटली होती. “भावाला बोर्डिंगात टाका,” म्हणाले सासरचे. तिनं सोयरीक मोडली, लातूरला येऊन क्लासच्या पोरांची मेस चालवली, भावाला शिकवलं, सर केलं! त्याचा स्वतःचा क्लास उभा राहिला तेव्हा वसतिगृहाची चूल तिनं हौसेनं मागून घेतली. घरात अक्का आणि क्लासमध्ये मावशी, हेही तिनं गिळलं होतं. चारचौघांत सर असतात ते, असं स्वतःलाच समजावलं होतं. यंदा निकाल चांगला लागला म्हणून मुलांच्या आईवडिलांना घेऊन तो नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसनं यात्रेला निघाला, आणि “अक्का, तूही चल,” म्हणाला, तेव्हा हिला केवढा आनंद झाला होता! मावशी म्हण, मोलकरीण म्हण... पण मेलेली?

पुरचुंडी नागुबाईच्या हातात देऊन ती तरातरा नदीवरच्या पुलाकडे गेली. मन्मथ तिथं एकटाच फोनवर बोलत उभा होता. तिचा चेहरा पाहून त्यानं फोन खिशात टाकला.

“म्या कधी मेले रे, मन्मथ?”

तो पांढराफटक पडला. “अक्का... पहिल्या वर्षी बोलता बोलता तोंडून निघून गेलं. पोरं रडली, पालक रडले, क्लास भरला. मग मागं फिरता येईना.”

“बहिणीनं वाचवलं, वाढवलं, असं सांगायचं व्हतं की! खरं काय वाईट व्हतं?”

“जिवंत बहिणीवर कुणी रडत नाही, अक्का...”

“म्हणून मारलंस?” ती त्याच्या पुढ्यात आली. “भूकंपानं मला गाडलं न्हाई रे, तू गाडलंस! अन् वरून माझ्याच हातचं जेवायलास!”

“हळू बोल, तुझ्या पाया पडतो. घरी गेल्यावर काय शिक्षा द्यायची ती दे. ह्या लोकांपुढं नको... सगळी अब्रू जाईल!”

त्याच्या अब्रूसाठीच तर तिनं उभा जन्म जाळला होता! तरी ती म्हणाली, “म्या एक शब्द बोलणार न्हाई. पण नागुबाई माझ्या नावाचा भात शिजवायलीय. पयला घास तुलाच देईल. खाल्लास, तर म्या खरंच मेले म्हणून समज. नांदेडला उतरले की माझी वाट येगळी.”

गुरुद्वाऱ्यात लंगरची पंगत बसली. सगळे डोकं झाकून, मांडी घालून, एका रांगेत. नागुबाईनं वाफाळत्या पुरचुंडीची गाठ सोडली आणि मन्मथच्या ताटात भात वाढला. “घ्या सर, अक्काच्या नावानं.”

मन्मथनं घास उचलला. पंगतीत पलीकडे बसलेली सिंधु त्याच्याकडेच पाहत होती. घास ओठांपर्यंत गेला... देवा, खाईल का हा? खाईल का?

त्याचा हात खाली आला.

“हा घास मला जायचा न्हाई, नागुबाई.” क्लासमधली शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली. “माझी बहीण जिती हाय. ती बघा... ती माझी अक्का. म्या सांगितलं ते खोटं व्हतं.”

नागुबाई ताडकन म्हणाली, “सर, माझी पोरगी तुमच्या अक्कासाठी रडली, अन् रोज तिच्याच हातचं खात व्हती! एकदा तरी त्या माऊलीला सांगू द्यायचं व्हतं तिला, की तुमचं लई उपकार हायत!”

मन्मथ उठला आणि सगळ्यांदेखत सिंधुच्या पायांवर कोसळला. तिनं पाय मागे घेतले.

“पाया नको पडू. हेच लातूरला हॉलमदी, लेकरांपुढं सांगायचं.”

“पोरं निघून जातील, अक्का. क्लास मोडंल...”

“मोडू दे! हा वाकडा हात अजून भाकरी थापतो. तुला उपाशी ठेवलं व्हतं का म्या कधी?”

ती थोडी सरकली, तसा तो तिच्या शेजारी बसला आणि हुंदके देऊ लागला. तिचा राग काही निवळला नव्हता. तरी त्याच्या डोक्यावरून घसरलेला रुमाल तिनं हात पुढे करून नीट बसवला.