निवाळगडावरची थाळी

निवाळगडाच्या उगवतीच्या बुरुजामागे तांबडं फुटत होतं, खाली खोऱ्यात गनिमाच्या छावणीतले धूर सरळ वर चढत होते, आणि किल्लेदार सिदोजीराव शेलार मात्र त्या धुरांकडे पाठ करून बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी ताटकळत उभे होते. त्यांची पत्नी मैनाऊ पहिलटकरीण. कळा सुरू होऊन दीड दिवस लोटला होता.

"गोजराबाई," ते सुईणीला म्हणाले, "जोशीबुवांचं म्हणणं ऐकलंत ना? उन्हं देवळाच्या पायरीला लागली की मूळ नक्षत्र लागतं. मुळावरचं लेकरू बापाच्या जिवावर येतं. ऐन वेढ्यात मी पडलो तर गडाचं काय? त्याआधी सुटका झालीच पाहिजे. कळलावी उगाळून पाजा."

"सरकार, पहिलटकरणीला वेळ लागायचाच. कळलावी पोटात गेली तर जहर आहे."

"हुकूम आहे, बाई."

गोजराने मुजरा केला आणि कळलावीचा गड्डा घेऊन ती आत गेली. तो गड्डा तिला नवा नव्हता. दहा वर्षांमागे पोटची लेक अनसा, तीही पहिलटकरीण, कळांनी थकलेली तिला बघवली नाही. उतावीळपणे तिने हाच उगाळून पाजला, आणि दिवस मावळायच्या आत लेक पोटातल्या जिवासकट तडफडून गेली. तेव्हापासून प्रत्येक बाळंतपणात अनसा कोपऱ्यात येऊन उभी राही नि विचारी, "आई, अजून किती?" आजही ती आली होती.

सहाणेवर टेकवलेला गड्डा गोजराने उचलून चुलीत टाकला आणि ती मैनाऊच्या कानाशी वाकली.

"आईसाहेब, सुईण थाळी वाजवते तीच जन्माची वेळ. जोशीबुवा तीच पत्रिकेत मांडतात. मी आत्ताच वाजवते. पण मग कितीही कळा आल्या तरी तोंडातून आवाज काढायचा नाही. जमेल?"

मैनाऊने घामाने भिजलेला पदर दातांत धरला आणि मान हलवली.

थाळी घणघणली. बुरुजावर तोफ सुटली, नगारे झडले, आणि त्या दणक्यात लेकराचं रडणं ऐकू आलं नाही याचं कुणालाच नवल वाटलं नाही. "मायलेकरं सुखरूप! वार पडायची आहे, दार उघडू नका!" गोजरा आतून ओरडली. आता मूल मेलेलं निघालं असतं तर तिचा कडेलोट ठरलेला होता. उन्हं पायरीला लागली, पायरी उतरून अंगणात पसरली. आत कळेवर कळ येत होती, पण मैनाऊने हूं की चूं केलं नाही. मग मुलगी झाली, आणि खणखणीत रडली.

सिदोजीरावांनी लेकीला बेधडक उचलून घेतलं. "नाक अगदी आमच्या मातोश्रींचं!" म्हणून ते मनमोकळं हसले.

अकराव्या दिवशी तटाच्या खिंडारात लढताना ते कामी आले.

गोजरा मैनाऊच्या पायांशी कोसळली. "मीच सरकारांना मारलं. माझा कडेलोट करवा."

मैनाऊने तिला उठवून बसवलं. मग म्हणाली, "मुळावरची म्हणून कळलं असतं, तर नक्षत्राची शांत होईतो सत्तावीस दिवस त्यांनी लेकीचं तोंड पाहिलं नसतं. न पाहताच गेले असते, बाई." आणि तिने मुलगी गोजराच्या मांडीवर ठेवली.

गोजराने पुढेही पुष्कळ बाळंतपणं केली. अनसा पुन्हा कधी आली नाही. त्या कोपऱ्यात आता सिदोजीराव उभे असत, आणि ते काहीच विचारत नसत.