डब्यातले सहा महिने

लीना धर्माधिकारीने टेबलावर कोल्ड्रिंकचा डबा ठेवला. पुंजारामने तो हावरेपणाने उचलून हलवून पाहिला. रिकामा निघाला तसा त्याचा चेहरा उतरला.

"म्याडम, ह्याची चोरी झाली व्हय?" निवृत्त हवालदार असल्यामुळे त्याला चोरी म्हणजे किमान मोटरसायकल लागायची.

राजनंदिनी भालसिंग, नगरमध्ये खासगी तपासाचं काम करणारी एकमेव बाई आणि पुंजारामची हल्लीची मालकीण, डब्याच्या पोटाला पाडलेलं सुईएवढं भोक निरखत होती.

"हा कॅमेरा आहे," ती म्हणाली. "बरोबर?"

लीनाने मान हलवली. ती शेवगावला फोटोग्राफर होती. लग्नांचे आणि शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो काढून पोट भरायची. उरलेला वेळ मात्र तिचा स्वतःचा होता. कापसाच्या जिनिंगच्या यंत्रांची आणि विहिरीवरच्या मोटारींची घरघर रेकॉर्ड करून ती त्याचं संगीत करायची. शनिवारी गच्चीच्या भिंतीवर मूकपट लावून त्यासोबत ते वाजवायची. ऐकायला येत चार माणसं, त्यातली दोन झोपत. तिला त्याचंही काही वाटत नसे.

"आत फोटोचा कागद असतो," ती सांगू लागली. "सहा महिने उजेड आत झिरपतो. सूर्य रोज जिथून जातो तिथं एक रेघ उमटते. चालती माणसं उमटत नाहीत, स्थिर असतं तेवढंच राहतं. हा कागद धुवायचाही नसतो, नुसता स्कॅन करायचा. बावीस डिसेंबरला माझ्या बाबांनी स्वतःच्या हातांनी डबा गच्चीवर बांधला. उगवतीकडे तोंड करून, कारण समोर त्यांनी लावलेला निंब होता."

"तुमचे बाबा म्हंजे दत्तोपंत मास्तर, चित्रकला शिकवायचे ते?" पुंजारामने विचारलं.

"हो. आयुष्यभर चित्रं काढली, पण कॅमेरा कधी हातात धरला नाही. मार्चमध्ये ते गेले. मे महिन्यात वादळात निंब पडला. निंबाचे माझ्याकडे शंभर फोटो आहेत. बाबांनी काढलेला मात्र हा एकच. काल उघडला, तर त्यात निंबच नाही. सगळे म्हणतात, उमटला नसेल. मला ते पटत नाही."

तिने कागद पुढे केला. जांभळट उजेडात कमानीवर कमान चढत गेली होती. प्रत्येक कमान एका टोकाला उगवून दुसऱ्या टोकाला मावळत होती. खालची डिसेंबरची, मग हळूहळू वर, मार्चच्याही पुढची. बघता बघता पुंजारामसुद्धा पुढे वाकला. कुणीतरी स्वप्नात रांगोळी काढावी तसं ते दिसत होतं.

"असे डबे आणखी कुणाकडे आहेत?"

"बाबांनी त्या दिवशी तीन केले. एक आमच्याकडे. एक अर्णवने खर्ड्याच्या किल्ल्यावर लावला, तो संगीतात माझा जोडीदार. तिसरा कुणाला दिला, मी विचारलंच नाही."

दुपारी तिघं शेवगावला पोचली. छबूबाई लीनाच्या गच्चीवर कुरडया उलटत होत्या. त्या घरात कामाला लागून त्यांना तीस वर्षं झाली होती.

"लीनाताई लग्नाच्या फोटोला गेल्त्या. सोमवारी मी बघितलं, डबा न्हवता. मंगळवारी परत हुता. म्हटलं, आपल्याला काय करायचं."

"वर कोण आलं होतं?"

"परकं कोन येतंय? अर्णवदादा आल्ता वायर न्यायला. रंगनाथकाका रोज येत्यात, देवाला फुलं न्यायला. मास्तरांचे दोस्त. मास्तर गेल्यापून लई येकटे पडल्यात."

अर्णव सुप्याच्या कारखान्यातून फोनवर भेटला. मागे यंत्रं चालू होती.

"माझा डबा? फेब्रुवारीतच माकडांनी तोडला. लीनाला सांगायचं धाडस झालं नाही. मास्तरांनी दिलेला होता ना."

फोन ठेवल्यावर पुंजारामने मिशीवर हात फिरवला. "ह्यानंच बदलला, म्याडम. खोटं बोलतोय."

"तुटलेला डबा बदलता येत नाही, पुंजारामभाऊ. आणि चला, तुटलाच नाही असं धरू. या फोटोत किल्ल्याची भिंत कुठाय?"

रंगनाथकाकांचा जुना फोटो स्टुडिओ बाजारपेठेच्या टोकाला होता. काकांनी चहा सांगितला.

"डार्करूम? दहा वर्षं झाली कुलूप लावून. आता कोन धुतंय फोटो?"

कुलपाला धूळ नव्हती. दारातून आंबूस वास येत होता. पुंजारामला लोणच्याची आठवण झाली आणि त्याने ती बोलूनही दाखवली. कप पुढे करताना काकांची नखं तपकिरी दिसली. राजनंदिनी "जरा हवा खाते" म्हणून वर जाऊन आली. गच्चीला दक्षिणेकडे मोकळं रान होतं आणि त्या कठड्याला तारेचे दोन ताजे तुकडे लोंबत होते.

ती खाली येऊन काकांसमोर बसली.

"लीनाचा डबा उगवतीकडे बघत होता. त्यात सूर्य तिरपा वर चढून डोक्यावरून निघून गेला असता. मावळताना दिसलाच नसता. या फोटोत तो पूर्ण दिवस चालतोय, म्हणजे डबा दक्षिणेकडे बघत होता. मार्चच्या पुढच्या रेघा आहेत, म्हणून फेब्रुवारीत तुटलेला अर्णवचा नाही. राहिला तिसरा. तो तुमच्या गच्चीवर होता, काका. तुमचा डबा तुम्ही लीनाच्या डब्याच्या जागी बांधलात, कारण तिच्या कागदाचं काहीतरी झालं होतं. डार्करूम उघडली होती. हा वास हायपोचा आहे, फोटो पक्का करायच्या रसायनाचा, आणि नखांवर फोटो धुवायच्या डेव्हलपरचे डाग."

लीना पुटपुटली, "काका, तुम्ही तो धुतलात?"

काकांनी गल्ल्यातून एक पाकीट काढलं. आत कोळशासारखा काळा कागद होता.

"तुला फ्रेम करून द्यायचा हुता, एकवीस जूनला. चाळीस वर्षं धुतले फोटो, पोरी. कागद फिका वाटला. म्हटलं, डेव्हलपरमधी खुलंल. चार सेकंदांत काळा झाला. मग तुला तोंड दाखवायची लाज वाटली. माझा डबाबी दत्तूनंच केल्ता, त्यात निदान त्याचाच सूर्य हाय, म्हटलं."

लीनाला राग आला होता आणि रडूही येत होतं. रस्त्यावरून उसाची रिकामी ट्रॉली खडखडत गेली. राजनंदिनीला पहिल्यांदाच वाटलं, हा उलगडा झाला नसता तरी चाललं असतं.

मग लीनाने खुर्ची काकांच्या जवळ ओढली.

"तुम्ही कागद फिका होता म्हणालात. म्हणजे काळा होण्याआधी तुम्ही तो पाहिलात."

"पाहिला की. लाल दिव्यात. मिनिटभर."

"निंब होता?"

"हुता. डावीकडं झुकलेला. मधल्या फांदीतून सूर्याच्या रेघा गेलेल्या." काकांनी डोळे मिटले. "बुडाशी खुर्ची हुती. दत्तू रोज सकाळी बसायचा ती. कुनी हलवली न्हाई ना ती, म्हणून उमटली."

"रिकामी?"

काकांनी मिटल्या डोळ्यांनीच मान हलवली.

"न्हाई वाटली. धुकं बसल्यागत काहीतरी हुतं तिथं. तो तासन्‌तास हलायचा न्हाई."

पुंजारामने चहाचा कप खाली ठेवला. लीनाने काळा कागद मांडीवर घेतला, त्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "पुन्हा सांगा, काका. सावकाश. फांदीपासून सुरू करा."