दोन दातांची चिठ्ठी

"कुठला दात?" त्याने मास्क वर ओढत विचारलं.

"हा," मी म्हणाले, आणि पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

पुरचुंडी सुटली. आत बोटभर लांबीचा, तपकिरी, कोयत्यासारखा वाकलेला दात. कडेला करवतीसारखे बारीक दाते. दंतवैद्याच्या भुवया वर गेल्या, त्या खाली येईचनात.

"रुग्णाचं वय?"

"सात कोटी वर्षं... थोडं इकडेतिकडे."

"खाण्याच्या सवयी?"

"निव्वळ मांस."

"तरीच कीड नाही!" मास्कच्या वर त्याचे डोळे हसले. मी उगाच रुमालाची घडी घालत बसले.

आमच्या संग्रहालयात एक्स-रेचं यंत्र नाही, आणि त्या दुपारी रस्त्यात उघडा दिसलेला पहिला दवाखाना हाच. शिकारी डायनासोरचे जुने दात साफ करायचे, त्यांच्या माहितीच्या चिठ्ठ्या लिहायच्या, हे माझं काम. हा दात मात्र घरचा, बाबांना सापडलेला. शनिवारी तो काचेच्या कपाटात जाणार होता, त्यांच्या नावासकट. बाबांनी त्यासाठी नवा सदराही शिवून घेतला होता.

"मग अडलं कुठे?"

"काल भिंगाखाली पाहिलं तर... टोकाकडचे दाते बारीक, खालचे जाड. आणि मधे पुसटशी रेघ."

त्याने जास्त विचारलं नाही. दात अलगद ठेवून एक्स-रे काढला. पडद्यावर काळी रेघ लख्ख उमटली. आतली पोकळीसुद्धा जुळत नव्हती.

"दोन आहेत," तो हळूच म्हणाला. "दोन वेगळे. छान चिकटवलेत, पण..."

मी मटकन त्या रुग्णांच्या खुर्चीतच बसले. बाबांना सापडला तेव्हा दात मोडका होता. आई तेव्हा फक्त त्यांच्यासोबत खोदकाम करणारी. दुसऱ्या दिवशी ती टोक घेऊन आली, "तुमचंच हरवलेलं" म्हणाली, आणि बाबांनी तिथल्या तिथे लग्नाचं विचारलं. आई जाऊन सहा वर्षं झाली. पाहुणा घरात आला की बाबा पाण्याच्या आधी ही गोष्ट देतात.

"मी काही बघितलंच नाही, असं समजा," तो म्हणाला.

"तुमचं ठीक आहे हो. चिठ्ठी मला लिहायचीय. रोज सकाळी देवापुढे उभी राहते मी... खोटं लिहून तिथे कुठल्या तोंडाने जाऊ?"

त्याने मास्क काढला. "वाईट बातमी सांगणं माझ्या रोजच्या सरावातलं आहे. तुम्ही फक्त 'बाबा' म्हणा, पुढचं मी बोलतो."

पण घरी गेल्यावर त्याने नुसता एक्स-रे बाबांच्या हातात दिला. शेवटी मलाच सगळं सांगावं लागलं. बाबांनी एक्स-रे खिडकीशी धरला.

"तिला ठाऊक होतं?"

"दाते मोजायला मला आईनेच शिकवलं, बाबा."

त्यांचे खांदे हलायला लागले. रडताहेत म्हणून मी पुढे झाले... तर हसत होते! डोळ्यांतून पाणी आणि वर हसू.

"लबाड कुठली! अगं, म्हणजे हे टोक तिचं स्वतःचं. इतकं सुरेख टोक स्वतःच्या नावावर लावायचं सोडून माझ्या थोट्या दाताला देऊन टाकलंन् तिने!"

"सोडवू का? गोंद तासाभरात विरघळेल."

"हात लावून बघ तू! चिठ्ठीत खरं ते लिही. दात दोन, जनावरं दोन. खालचा मला सापडला, वरचा तिला." मग चष्म्यावरून त्यांनी दंतवैद्याकडे पाहिलं. "हेच ना एक्स-रे काढणारे दंतवैद्य? यांना रविवारी आमच्या त्या दातांच्या खाणीवर ने. बिचारे नुसते जिवंत माणसांचेच दात बघतात."

शनिवारी चिठ्ठी काचेआड गेली. आईचं नाव मी वळणदार अक्षरात लिहिलं.

रविवारी तो आला, नव्या कोऱ्या बुटांत. ऊन चढलं, नाक लाल झालं, पण हातात एक खडासुद्धा नाही.

"काही सापडलं?"

"छे."

"अहो, खाली बघावं लागतं."

"तेच तर..." तो थांबला. कान नाकाहून लाल झाले. "सकाळपासून मी जमिनीकडे एकदाही बघितलेलं नाही."

वारा उगाच माझ्या पदराशी खेळत होता. मला खोटं बोलता येत नाही, आणि गप्प बसणं तर आता त्याहून कठीण.

"मघापासून तुमच्या बुटाशेजारी एक दात पडलाय," मी म्हणाले. "चांगला, अख्खा."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही वाकला असता... माझ्याकडे बघायचं थांबला असता."

तो वाकला नाही. त्याने हात पुढे केला, आणि मी तो धरला.