नात्याचा रकाना

दर गुरुवारी चार वाजता बाजरा यायचा, आणि त्यासाठी मुलांच्या वॉर्डात दोन वाजल्यापासूनच धुलाई सुरू व्हायची. तोंडं पुसा, केस विंचरा, सलाइनच्या नळ्या चादरीखाली सारा. आजारी पोरांना आजारी दिसायचीही सोय नाही, असं गिरिजा मनात म्हणायची. जगतपुऱ्यातलं खासगी हॉस्पिटल ते. फोटो चांगले यायला हवेत ना!

बाजरा म्हणजे कुत्रा. धड कुठल्या जातीचा नाही, बाजरीच्या पिठाच्या रंगाचा. निवृत्त शिक्षिका असलेल्या शेखावत मॅडमनी त्याला रस्त्यावरून उचलून शिकवून तयार केलं होतं. प्रत्येक खाटेपाशी तो दहा मिनिटं बसायचा. मुलांनी त्याला थोपटावं, असा बेत; पण खरं तर मुलांच्या आयाच त्याच्या मानेवरच्या केसांत बोटं घालून जास्त वेळ बसायच्या. गिरिजाला एरवी कुत्र्यांचं वावडं होतं. या कुत्र्यापुढे मात्र ती हात जोडायला तयार होती, आणि त्याचं कारण अवनी.

नऊ वर्षांच्या अवनीच्या खुब्यात पू झाला होता. ऑपरेशनला महिना झाला, जखम भरली, तरी पोरगी पाऊल जमिनीला टेकवायला तयार नव्हती. पंधरा दिवसांत उभी राहिली नाही तर सांधा आखडेल आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. रागावून झालं, लालूच दाखवून झाली, नवस बोलून झाले. फक्त बाजरा आला की ती पाय खाटेखाली सोडायची. टेकवायची नाही, पण सोडायची.

"आई, मतलब, तो रोज का नाही येत?" ती विचारायची.

त्या गुरुवारी बाजरा अवनीकडे येता येता सात नंबरच्या खाटेपाशी अडला. तिथे सहा वर्षांची कमली होती, अपघातात मोडलेल्या पायाला वजन बांधून महिनाभर उताणी पडलेली. तिच्याकडे कुत्रा न्यायचा नाही असा हुकूम होता. शेखावत मॅडमनी पट्टा ओढला, पण बाजरा जागचा हलेना. तो कमलीकडे बघतही नव्हता. खाटेशेजारच्या रिकाम्या लोखंडी स्टुलासमोर तो बसला होता, आणि त्याचं शेपूट फरशीवर हळूहळू आपटत होतं. मग त्याने मान खाली घालून डोळे मिटले. त्याच्या कपाळावरचे केस पुढून मागे दबत गेले. वर आले. पुन्हा दबले.

एसीचा झोत असणार, असं गिरिजाने ठरवलं. झोत मात्र उलट्या बाजूने येत होता.

"आज इसको क्या हो गया," म्हणत मॅडमनी त्याला जवळजवळ फरपटत पुढे नेलं. कमली छताकडे बघत होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी कानात उतरत होतं.

गिरिजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली आणि थेट दर्शनसमोर जाऊन उभी राहिली. हा दर्शन म्हणजे या भेटींची व्यवस्था बघणारा हॉस्पिटलचा माणूस. गळ्यात टाय, हातात टॅबलेट.

"सात नंबर के पास क्यों नहीं ले जाते?"

"अटेंडेंट नहीं तो विज़िट नहीं, मैडम. माँ-बाप का साइन चाहिए, और जिसका साइन, वो बग़ल में बैठेगा. रूल है."

"उसके पापा?"

"मार्बल के कारख़ाने में हैं. संडे को आते हैं."

"और माँ?"

"वो तो एक्सीडेंट में ही ख़त्म हो गई," दर्शनने टॅबलेटवरची नजर न काढता सांगितलं.

म्हणजे आई मेली हा पोरीचाच गुन्हा. जिला मायेचा हात सगळ्यात जास्त हवा, तिच्याच वाटेत यांचा नियम आडवा. चुलीत घाला असले नियम. गिरिजाने फॉर्म मागून घेतला. नात्याच्या रकान्यात दोनच चौकोन होते, 'माँ' आणि 'पिता'. तिने 'माँ'वर खूण केली आणि खाली ठसठशीत सही ठोकली. दर्शनला सगळं कळत होतं. त्याला कागद हवा होता, कागद मिळाला.

परत येताना सात नंबरपाशी तिला धुराचा वास आला. फिनेलने पुसलेल्या त्या वॉर्डात गोवऱ्यांच्या चुलीचा वास. वाटेतलं लोखंडी स्टूल तिने बाजूला सारलं. ते कोमट होतं, कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं.

संध्याकाळी सी-स्कीममधल्या विमा कचेरीतून राजनचा, तिच्या नवऱ्याचा, फोन आला. तिने रागारागात सगळं सांगितलं.

"अगं, मावशी लिहायचंस."

"मावशीला चौकोन नाही. विचारलं मी."

"माय मरो, मावशी जगो म्हणतात, आणि यांच्याकडे मावशीच नाही," राजन हसला. मग त्याच्यातला विमा अधिकारी जागा झाला. "पण गिरिजा, खोटं नातं लिहून देऊ नये. आमच्याकडे असं काही सापडलं ना, तर खरा क्लेमही जातो."

"ठेवा फोन," ती म्हणाली. "लेकरापेक्षा तुम्हाला रकाने मोठे."

पुढच्या गुरुवारी दर्शनने नियमावर बोट ठेवलं. सही तुमची, तर बसा सातपाशी. गिरिजा अवनीला म्हणाली, "दहाच मिनिटं हं, बाळा," आणि तिच्या चार नंबरच्या खाटेपासून उठून सातच्या स्टुलावर येऊन बसली. कमलीने तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं.

बाजरा आला. कमलीने त्याच्या कानाला हात लावला आणि महिनाभरात पहिल्यांदा हसली. गिरिजाला भरून आलं. बघा म्हणावं, एवढ्याशा हसण्याला तुमचा रूल आडवा येत होता.

मग तिच्या लक्षात आलं की आज बाजरा स्टुलाकडे ढुंकूनही बघत नव्हता. तो चार नंबरकडे बघत होता, आणि त्याचं शेपूट फरशीवर आपटत होतं.

दहा मिनिटं झाली. मॅडम त्याला अवनीकडे घेऊन गेल्या. गिरिजा उठायला गेली तशी ओढणी ताणली. कमलीची मूठ सुटेना. एक बोट उलगडावं तर दुसरं मिटत होतं.

"चार नंबर की अटेंडेंट?" मॅडमनी रजिस्टरात डोकं घालून विचारलं.

"मैं यहाँ हूँ," गिरिजा म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली. कुणी मान वळवली नाही.

"बैठी तो है," अवनी म्हणाली.

मॅडमनी वर न बघता खूण केली.

अवनीशेजारची प्लॅस्टिकची खुर्ची रिकामी होती. बाजराने तिच्यासमोर मान खाली घातली. त्याच्या कपाळावरचे केस पुढून मागे दबत गेले.

अवनीने पाय खाली सोडले. टेकवले.

ती उभी राहिली.

वॉर्डात टाळ्या वाजल्या. दर्शनने फोन वर धरला. अवनी चालत होती. डावा हात बाजराच्या पट्ट्यावर. उजवा हात वर हवेत, कुणाचं तरी बोट धरल्यासारखा मिटलेला. तिच्यासोबत तोच गोवऱ्यांच्या धुराचा वास पुढे सरकत होता.

याच चार पावलांसाठी गिरिजाने देव पाण्यात ठेवले होते. तिला हाक मारायची होती. ती अर्धवट उठली, तशी ओढणीने तिला पुन्हा स्टुलावर खेचलं.

सात नंबरपाशी येऊन अवनी थांबली. तिने गिरिजाकडे पाहिलं. अनोळखी बाईकडे बघावं तसं, अदबीने.

"आंटी," ती म्हणाली, "ज़रा पैर हटाइए ना. हमें जाना है."

गिरिजाने पाय आत घेतले.