थोडं मागे

त्या दिवशी माझं काम साधंच होतं. सकाळी चष्मेवाल्याच्या दुकानापुढे गाडी लावायची, चौघांना घ्यायचं, डोंगरावरच्या नव्या हॉटेलात जेवायला न्यायचं आणि रात्र व्हायच्या आत ज्याला त्याला घरी सोडायचं. गाडी भाड्याची, मी तिचा ड्रायव्हर. असली कामं मी जन्मभर केली.

मघाशी तुम्ही पोरं म्हणालात, आजोबा, आमचा एक फोटो काढा, आणि मी फोन हातात घेतला नाही. तुम्हाला वाटलं म्हातारा रुसला. रुसलो नाही रे. बसा. उद्या तुम्हाला फिरायला जायचंय हे मला माहीत आहे, पण झोप रोजचीच असते. माझ्या ओळखीच्या माणसाच्या बाबतीत घडलेलं आहे. ज्याला खोटं वाटेल त्यानं खुशाल खोटं म्हणावं.

चौघांची ती शाळेपासूनची मैत्री. एकाचं चष्म्याचं दुकान, त्याला सगळे चष्मेवालाच म्हणत. दुसरा ठेकेदार, इमारती बांधायचा. तिसरा लंबू, त्याला दारातून वाकून आत यावं लागे. आणि चौथी दातांची डॉक्टर. तिचं लंबूशी लग्न ठरलं होतं, म्हणून बाकीचे दोघे तिला आधीपासूनच वहिनी म्हणून चिडवायचे. महिन्यातला एक शनिवार यांचा. नवं हॉटेल हुडकायचं, पोटभर खायचं, एकमेकांची टर उडवायची.

"काका, गाडी थांबवा आणि लंबूला टपावर बांधा," चष्मेवाला म्हणायचा. "याचे गुडघे माझ्या कानात शिरतायत."

"तुझ्या कानात काहीतरी शिरलं हेच खूप," लंबू म्हणायचा.

"आज गोड कोणी मागवायचं नाही," वहिनी. "मागवलंत तर सोमवारी माझ्या खुर्चीत तोंड उघडून बसायचं."

ठेकेदार हसायचा. आरशात मला त्याचा चेहरा दिसायचा. तो वहिनींकडे बघून हसायचा, हे मला दिसत होतं. पण ड्रायव्हरच्या आरशात काय काय दिसतं, सगळ्याचा अर्थ लावत बसलं तर गाडी खड्ड्यात जाईल.

जेवणं निवांत झाली. सूर्य खाली आला तसे सगळे मागच्या गच्चीवर गेले. गच्चीला लोखंडी कठडा, पलीकडे सरळ खोल कडा. लंबूनं फोन काढला. फोटो नेहमी तोच काढायचा. बाकीचे तिघं ओळीनं उभे राहिले, लंबू त्यांच्यासमोर, कठड्याकडे पाठ करून.

"थोडं मागे," ठेकेदार म्हणाला. "वहिनींचं डोकं कापशील."

लंबू एक पाऊल मागे सरला.

"अजून थोडं मागे."

हे बोलणं चष्मेवाल्यानं मला नंतर सांगितलं, मी तेव्हा खाली गाडीच्या काचा पुसत होतो. मला फक्त एक आवाज आला, लोखंड दगडावर पडल्यासारखा. आणि मग वहिनींची हाक. एकदाच.

अपघात म्हणून नोंद झाली. कठडा कच्चा होता, सैल होता, हॉटेलवाल्यानं लक्ष दिलं नाही. त्यात खोटं काही नव्हतं. ठेकेदारानं सगळं धावून केलं. पोलिसांचं बघितलं, लंबूच्या आईवडिलांना सांभाळलं, वहिनींना रोज दवाखान्यात नेऊन सोडलं. लोक म्हणाले, मित्र असावा तर असा. वर्ष उलटलं आणि दोघांनी लग्न केलं. चष्मेवाला वहिनीच म्हणत राहिला. हाक तीच राहिली, नवरा बदलला.

मग त्यांचे शनिवार परत सुरू झाले. आता तिघंच. एका तळ्याकाठच्या हॉटेलात वेटरला फोन दिला फोटो काढायला. वेटर म्हणाला, "साहेब, तुम्ही थोडं मागे." यात काय विशेष? कोणीही म्हणतं. पुढच्या महिन्यात बागेत एका शाळकरी मुलीनं फोटो काढला. "काका, तुम्ही थोडं मागे." त्याच्या पुढच्या महिन्यात एका म्हाताऱ्या जोडप्यानं. दर वेळी माणूस वेगळा, आणि दर वेळी बोट ठेकेदाराकडेच.

ठेकेदारानं उंचावर जायचं सोडलं. जिना असलेलं हॉटेल नको, पूल नको, गच्ची नको. स्वतःच्या बांधकामावरही तो खाली उभा राहून हाका मारायचा. गवंडी आपसात म्हणायचे, "साहेबांना शिडी चावते."

आता ती रात्र सांगतो. डिसेंबरची तीन तारीख, शनिवार, रात्रीचे साडेआठ. मला त्याला बांधकामावरून घेऊन हॉटेलात सोडायचं होतं. वहिनी आणि चष्मेवाला परस्पर येणार होते. हॉटेल हमरस्त्यावरचं, सपाट जागेवर, एकाच मजल्याचं. त्यानंच शोधलेलं.

अर्ध्या वाटेत तो म्हणाला, "काका, गाडी जरा बाजूला घ्या."

घेतली. त्यानं मागून फोन पुढे केला. "हे फोटो बघा. एकामागून एक बघा."

पहिल्या फोटोत तो वहिनींच्या शेजारी होता. दुसऱ्यात हातभर मागे. तिसऱ्यात त्यांच्या खुर्च्यांच्याही मागे, एकटा. चौथ्यात लांब, दारापाशी. चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा.

"लांब उभे होतात," मी म्हणालो.

"काका, प्रत्येक फोटोत मी तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा होतो."

मी फोन परत दिला. मग अंधाराकडे बघत त्यानं सांगितलं.

"त्या दिवशी दुपारी हात धुवायला गच्चीवर गेलो होतो. सवयीनं कठडा हलवून बघितला. बोल्ट हातात आला. कोणाला सांगितलं नाही. होता तसा परत खोचून ठेवला." तो थांबला. "आणि संध्याकाळी त्याला म्हणालो, थोडं मागे."

पोरांनो, न्यायाधीश मी नाही. गाडीचा दिवा लावला. दिव्यात त्याचं तोंड राखेसारखं दिसत होतं.

"आता काय करू, काका?"

"वहिनींना सांगा. आज. जेवणाच्या आधी."

"ती सोडून जाईल."

"जाईल. पण तुम्ही राहाल."

त्यानं मान हलवली. "सांगतो," म्हणाला. मला वाटलं, खरंच सांगेल.

ती मंडळी मला कधी बाहेर बसवत नसत. शेजारच्या टेबलावर माझं ताट यायचं. त्यामुळे पुढचं सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं. सूप आलं, गेलं. ठेकेदार पाणी पीत होता, नुसतं पाणी. दोनदा त्यानं तोंड उघडलं, दोनदा मिटलं. चष्मेवाला त्याला म्हणाला, "काय रे, मासा झालायस का?"

मग वहिनींनीच विषय काढला. चमचा खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "एक विचारू? इतके दिवस विचारायचं होतं. तू बांधकामातला माणूस. तो कठडा सैल आहे हे तुला दिसलं नव्हतं का?"

देवानं दार उघडून दिलं होतं, आत पाऊल टाकायचं फक्त. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. सांग बाबा.

"मी त्या कठड्याजवळ गेलोसुद्धा नव्हतो," तो म्हणाला. "लंबूच वेंधळा. कधी बघून चालला तो? त्याचा दोष दुसऱ्याला कशाला द्यायचा?"

वहिनी मान खाली घालून जेवू लागल्या. ठेकेदारानं मोठा श्वास सोडला, खुर्चीत सैल झाला आणि चक्क हसला. त्या रात्रीचं पहिलं हसू.

जेवण उरकलं. चष्मेवाला म्हणाला, "चला, फोटो." वेटरचे दोन्ही हात ताटांत अडकलेले. "काका, तुम्हीच काढा. हे गोल आहे ना, ते दाबायचं."

नको म्हणावंसं वाटलं. पण काय कारण सांगणार होतो?

तिघं भिंतीला पाठ लावून उभे राहिले. हिरवी भिंत. खिडकी नाही, दार नाही. ठेकेदार मध्ये, हात वहिनींच्या खांद्यावर. मी फोन वर धरला.

"थोडं मागे."

मी बोललो नव्हतो. पोरांनो, माझे ओठ मिटलेले होते. आवाज माझ्या खांद्याच्या वरून आला. माझ्या मागून, उंचावरून. वाकून बोलल्यासारखा.

चष्मेवाला हसला. "काका, मागे भिंत आहे. कुठे सरकणार?"

ठेकेदार हसला नाही. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या डोक्याच्या वर बघत होता.

मी पडद्यात बघितलं. तिघं होते. फक्त मधला जरा लहान दिसत होता. फोन खाली केला. तिघं भिंतीपाशी, जसेच्या तसे. फोन वर केला.

मधला अजून लहान.

"अजून थोडं मागे."

पडद्यात त्याच्या मागे भिंत नव्हती. काळोख होता. त्याचे केस उडत होते. आत वारा नव्हता...

"नको," तो म्हणाला. हळूच.

मी फोन खाली करायला गेलो. हात ऐकेना.

तो लहान झाला. बोटाएवढा. नखाएवढा. तोंड उघडं. आवाज नाही...

मी ते गोल दाबलं नव्हतं. फोननं आपोआप टक् केलं.

फोन खाली आला तेव्हा भिंतीपाशी दोघंच होते. चष्मेवाला अजून हसत होता. वहिनींनी खांद्याकडे बघितलं. मग बाजूला बघितलं. मग माझ्याकडे.

पुढचं दार माझ्या पाठीशी. तिथून कोणी गेलं नाही. स्वयंपाकघरात विचारलं, तिथून कोणी गेलं नाही. रस्त्यावर धावलो, गाडी जागेवर, किल्ली माझ्या खिशात. रात्रभर शोधलं. चष्मेवाला हाका मारून मारून बसला. घसा गेला त्याचा.

वहिनी मात्र गाडीत बसून राहिल्या. पहाटे त्यांनी एवढंच विचारलं, "काका, तो तुमच्याशी काही बोलला होता?" मी सांगितलं. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि काच वर केली.

सकाळी डोंगरावरच्या त्या हॉटेलातून पोलिसांना फोन आला. कड्याच्या तळाशी, लंबू सापडला त्याच खडकावर, ठेकेदार उताणा पडला होता. गच्चीला आता सिमेंटचा कठडा बांधला होता, छातीएवढा. त्याला चरा नव्हता. आमच्या हॉटेलापासून तो डोंगर गाडीनं दीड तासावर. रात्रीत त्या वाटेनं एकही गाडी वर गेली नव्हती. नाक्यावरचा माणूस जागा होता.

ओळख पटवायला मलाच नेलं. तोंड मी बघितलं नाही, बघवलं नाही. पोलीस म्हणाला, "बूट तरी ओळखा." बूट मी ओळखले. त्या संध्याकाळी बांधकामावर त्यानं माझ्यासमोरच खोक्यातून काढून पायात घातले होते.

पोलिसानं ते पायांसकट उचलले आणि तळ माझ्यापुढे धरले. पुढचा तळ कोरा करकरीत, दुकानातल्यासारखा. आणि टाचा... टाचा नव्हत्याच. घासून घासून चामडं संपलं होतं, मोजे संपले होते. रस्त्याचं डांबर आत पार हाडापर्यंत गेलं होतं.