पत्र्यावरचे दोन ठोके

ही घटना मी कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. त्या गाडीत मी स्वतः बसलो होतो.

रात्रही नव्हती. फेब्रुवारीतला शनिवार, दुपारचे अडीच. लख्ख ऊन. पाण्याचे जार भरतात त्या कारखान्याचं मागचं आवार. तिथे ना झाड, ना आडोसा.

मी चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झालो, तरी संध्याकाळी घरी दहाबारा मुलं शिकायला येतात. भुताची गोष्ट सांगा म्हणाली की मी त्यांच्या हातात चुंबक द्यायचो. म्हणूनच हे लिहायला मला वर्ष लागलं.

आधी थोडं मागचं सांगतो.

माझा धाकटा भाऊ पिकअप चालवतो. वीस लिटरचे पाण्याचे जार दुकानांना, कचेऱ्यांना पोचवतो. त्याची जुनी डिझेल गाडी म्हणजे चालताबोलता गोंगाट. ती गल्लीच्या तोंडाशी आली की मला शिकवणं थांबवावं लागायचं.

जार उचलायला त्याचा एक जोडीदार होता. अंगाने काडी, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे.

कारखान्यात जार भरायच्या उंच चौथऱ्याला गाडी मागे लावताना पैलवान मागे उभा राहायचा. त्या इंजिनापुढे ओरडून उपयोग नव्हता. म्हणून तो तळहाताने पत्र्यावर ठोकायचा.

एक ठोका, म्हणजे येऊ दे.

लागोपाठ दोन, म्हणजे थांब.

अकरा वर्षं दोघांचं काम याच भाषेत चाललं.

मग एका सकाळी गाडी थांबली नाही. गाडीचा मागचा फाळका आणि चौथरा यांच्यामध्ये पैलवान सापडला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्याने दोनदा हात मारल्याचं कारखान्याच्या पहारेकऱ्याने लांबून पाहिलं होतं. प्रश्न एवढाच उरला होता… भावाला ते कळलं होतं का?

भाऊ माझ्याकडे आला. त्याने मला काही सांगितलं नाही. विचारलं.

"दादा, तू शास्त्र शिकवतोस. त्या इंजिनाच्या आवाजात ठोका ऐकू येईल का रे?"

"शक्यच नाही," मी म्हणालो.

"मग तेवढं तू सांगशील पोलिसांना? माझं कोण ऐकणार?"

मी सांगितलं. लेखी जबाब दिला. जबाब घेणारा हवालदार माझाच जुना विद्यार्थी. "सर म्हणतायत म्हणजे झालंच," म्हणाला आणि त्याने वही मिटली.

पैलवानाच्या बायकोलाही मीच समजावलं. तिची मुलगी माझ्याकडे शिकायला यायची.  त्या बाईने फक्त मान हलवली.

प्रयोग केल्याशिवाय निष्कर्ष लिहायचा नाही, असं मी मुलांना दर आठवड्याला बजावतो. मी मात्र लिहून मोकळा झालो.

आठ महिन्यांनी भावाने जुनी गाडी मोडीत काढली आणि नवी पिकअप घेतली. इंजिन नव्या पद्धतीचं. ताकद तेवढीच, आवाज निम्माही नाही.

पिकअप स्टँडवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. मीही चहाला तिथेच होतो.

"ही गाडी आहे की शिवणयंत्र?"

"काल ह्याची गाडी चालवून बघितली, तर चालू असतानाच मी परत किल्ली मारली. अशी कडकडली, सगळा रस्ता वळून बघायला लागला."

"हसा लेको," भाऊ म्हणाला. "मी दिवसाचे दहा तास हिच्यात काढतो. काल घरी गेलो तर बायकोचा शब्द न् शब्द ऐकू आला."

"अरे मग परत देऊन ये गाडी!"

सगळे हसले. स्टँडवरचा सर्वांत जुना ड्रायव्हर तेवढा हसला नाही. त्याला सगळे अण्णा म्हणतात.

"आवाज गेला त्याचं मला काही नाही," अण्णा म्हणाले. "पण हिच्यात रबर फार. जुन्या गाडीत मागून कुणी हात मारला की थेट पाठीत कळायचं. कान गेले असते तरी कळलं असतं."

मी ते ऐकलं. डोक्यात शिरलं नाही.

भाऊ मात्र अर्धा चहा तसाच ठेवून उठला.

मुलांनी विचारलं, सर, आवाज कमी कसा झाला? मी म्हणालो, शाळा सुटली की तुम्ही सगळे एकदम दाराकडे पळता, तेव्हा केवढा गोंधळ होतो? आणि रांगेने गेलात तर? जुन्या इंजिनात डिझेल एकदम आत शिरून पेटायचं. नव्यात ते थोडं थोडं, रांगेने सोडतात. मुलांना पटलं. मलाही फार आनंद झाला.

फक्त एक गोष्ट खटकत होती.

एवढी शांत गाडी घेतली, आणि भाऊ तिच्यात रेडिओ लावायचा. पूर्ण मोठा. गाडी मागे घेताना तर हमखास.

नवा जोडीदारही त्याने ठेवला नाही. जार एकटाच चढवायचा.

त्या शनिवारी मी त्याला म्हणालो, मला तुझ्याबरोबर ने. इंजिन नीट ऐकायचंय, मुलांना सांगायला.

तो नको म्हणाला. मी बसलोच.

कारखान्याच्या आवारात त्याने गाडी वळवली. समोरच्या छोट्या पडद्यावर मागचं सगळं दिसत होतं. चौथरा. ऊन. रिकामी फरशी.

मी हात लांब करून रेडिओ बंद केला.

"दादा, राहू दे."

"अरे, मला इंजिन ऐकू दे."

इंजिन खरंच छान होतं. एका लयीत, दबक्या आवाजात चाललेलं. गाडी मागे सरकू लागली.

मग…

धप.

मला वाटलं, एखादा जार कलंडला असेल. पण मागे एकही जार नव्हता. भरायलाच तर आलो होतो.

गाडी सरकत राहिली.

धप.

मी पडद्याकडे पाहिलं. फरशी रिकामी.

चौथरा जवळ आला. आणखी जवळ…

धप धप.

गाडी जागच्या जागी थांबली. माझी पाठ सीटवर आदळली.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"काय?"

"मागून कुणीतरी हात मारला."

"नाही बुवा. मला काही ऐकू आलं नाही."

मी खाली पाहिलं.

त्याचा पाय ब्रेकवर होता. गच्च दाबलेला. 

मी उतरून मागे गेलो. कुणी नव्हतं. पत्र्यावर दोन दिवसांची धूळ होती. तिच्यावर बोटाचाही ठसा नव्हता.

चौथरा अजून हातभर लांब होता.

मी परत येऊन बसलो. मला अण्णांचं बोलणं आठवलं. थेट पाठीत कळायचं…

"त्या दिवशी तुला कळलं होतं," मी म्हणालो.

त्याने इंजिन बंद केलं. मग स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, "तो नेहमीच लवकर थांबवायचा, दादा. भित्रा होता. मग प्रत्येक जार हातभर लांब न्यावा लागायचा. म्हणून दोन ठोक्यांनंतर मी आणखी हातभर घ्यायचो. रोजचंच होतं. तोही तेवढ्यात बाजूला व्हायचा. त्या दिवशी नाही झाला."

"मग मला का विचारलंस, ऐकू येईल का म्हणून?"

"तू कधी गाडी चालवली नाहीस ना," तो म्हणाला. "तू नाही म्हणशील, हे मला माहीत होतं."

ठोक्यांनी माझ्या अंगावर काटा आला होता. या वाक्याने मी गार पडलो.

या भावाला मी मांडीवर बसवून अक्षरं गिरवायला शिकवली. आणि त्याने मी न शिकलेल्या एका गोष्टीचा बरोब्बर उपयोग करून घेतला.

"पैलवानाच्या घरी सांगू नकोस," तो म्हणाला. "सख्खा भाऊ आहेस तू माझा."

त्याच संध्याकाळी मी पैलवानाच्या घरी गेलो. त्याची बायको वाळलेले कपडे घडी करत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ठोके सोडून. ते सांगायला जीभ रेटली नाही.

तिने हातातली घडी पूर्ण केली.

"पहारेकरी मला तेव्हाच म्हणाला होता, सर. ड्रायव्हरला कळलं असणार म्हणून. मी त्याला हाकलून दिलं. म्हटलं, आमचे सर खोटं सांगणार नाहीत."

मी म्हणालो, "ताई, मी जबाब बदलतो."

"बदला," ती म्हणाली. "मुलीला उद्यापासून पाठवत नाही."

दुसऱ्या दिवशी मी जबाब बदलला. हवालदार या वेळी 'सर म्हणतायत' म्हणाला नाही. मान खाली घालून लिहीत राहिला. प्रकरण अजून चालू आहे, म्हणून भावाची गाडीही अजून चालू आहे.

तो बरेच महिने माझ्याशी बोलला नाही. मागच्या आठवड्यात अचानक आला. आईचं कपाट त्याला न्यायचं होतं. गाडी आमच्या दाराशी मागे घेऊ लागला. रेडिओ बंद होता. मी पायरीवर उभा होतो.

गाडीच्या मागे कुणीही नव्हतं. मी बघत होतो.

धप…

धप धप.

गाडी थांबली नाही.

हातभर आणखी मागे आली, मग थांबली. भाऊ निवांत खाली उतरला.

"आता आलेला आवाज… ऐकलास?" मी विचारलं.

"नाही दादा. आता मला काहीच ऐकू येत नाही."

त्याच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. खरंच ऐकू येत नसेल. किंवा येत असेल, आणि त्याने थांबणं सोडून दिलं असेल.

यातलं जास्त वाईट कोणतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.