कातळखिंडीतले सोळा डाग

न्यायमूर्ती देवस्थळींना चुंबकमुक्त खोलीत नेण्याआधी डॉ. शारदा उमराणी यांनी त्यांच्या किल्ल्या, घड्याळ आणि केसांतल्या पिनासुद्धा काढून घेतल्या.

“एवढ्याशा पिनेचीही भीती?” देवस्थळींनी विचारलं.

“दगडातलं चुंबकत्व फार क्षीण असतं, मॅडम. शेजारी पीन असली तर त्याचं काही ऐकूच येत नाही.”

कातळखिंड बोगद्यातल्या आगीच्या चौकशी आयोगाच्या देवस्थळी अध्यक्षा होत्या. त्यांच्यासोबत बचावकार्याचे प्रमुख अभियंता नाडगौडा आले होते. ते दाराशीच उभे राहिले.

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढासळू लागल्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्याची ताकद पाचव्या हिश्शावर आली होती आणि होकायंत्राची सुई दिवसाला सव्वा अंशाने सरकत होती. क्षेत्राची ही ढाल पातळ झाल्यामुळे प्रत्येक सौरवादळ थेट जमिनीपर्यंत पोहोचे. बोगद्याला आग लागली त्याच दिवशी असंच एक वादळ आलं आणि त्या टापूतले कॅमेरे, फोन, घड्याळं, सगळं जळून गेलं. बोगद्याच्या टोकाच्या आश्रयकक्षात सहा माणसं अडकली होती. ढिगारा उपसून त्यांचे देह बाहेर काढायला एक्केचाळीस दिवस लागले. ती नेमकी कधी गेली हे सांगणं डॉक्टरांनाही जमेना.

“आणि हे दगड सांगतील?” देवस्थळींनी विचारलं.

“सह्याद्रीच्या दगडात लोहखनिजाचे कण असतात. पाचशे ऐंशी अंशांच्या वर तापले की ते जुनी दिशा विसरतात. थंड होताना, त्या घडीला पृथ्वीचं क्षेत्र ज्या दिशेला असेल ती दिशा पकडून ठेवतात. पूर्वी ही दिशा बदलायला शतकं लागायची. आता रोज बदलते. वेधशाळेत टांगत्या सुईने रोजची दिशा हाताने टिपलेली आहे. ती नोंद आणि दगड शेजारी ठेवले, की दगड कधी थंड झाला ते दोन तासांच्या फरकाने सांगता येतं.”

चौतीस वर्षं शारदाबाई हेच करत आल्या होत्या. कड्यांना लटकून त्यांनी लाव्हाचे थर पोखरले, बोटाएवढे नळकांडीसारखे नमुने काढले, कोट्यवधी वर्षांपूर्वी उत्तर दिशा कुठे होती ते मोजलं. त्याचा उपयोग काय, असं सख्ख्या भावानेही विचारलं होतं. क्षेत्र हलू लागलं आणि एकाएकी त्यांच्याशिवाय कुणाचं पान हलेना.

म्हणूनच आगीच्या चौथ्या दिवशी नाडगौडांचा माणूस, ढिगाऱ्यातून घातलेल्या लांब नळीने ओढून काढलेला आश्रयकक्षाच्या दारासमोरचा दगड घेऊन त्यांच्याकडे धावत आला होता. दगड सातशे अंशांपर्यंत तापला होता. ‘दाराबाहेर इतकी आच, मग आत कुणी जिवंत असेल का, एवढं लिहून द्या,’ असा निरोप होता. शारदाबाईंनी एक वाक्य लिहून दिलं. ‘आत कुणी जिवंत असण्याची शक्यता नाही.’ खाली सही केली. त्या वाक्यावर नाडगौडांनी डोंगराच्या माथ्यावरून चाललेलं छिद्रणाचं काम थांबवलं. काम चालू राहतं तर हवा आणि पाणी सोडायचं छिद्र बाराव्या दिवशी कक्षाच्या छताला पोहोचलं असतं.

आत अडकलेल्यांत बोगद्याचा भूवैज्ञानिक अंबादास कोळेकर होता. तो शारदाबाईंचा विद्यार्थी. सांगोल्याकडच्या माळावरून आलेला, धड चप्पलही न घालता डोंगर चढणारा पोरगा. सही करताना त्याचं नाव यादीत होतं आणि ते त्यांनी वाचलंही होतं. दगड खोटं बोलत नाही, एवढंच त्यांनी स्वतःला बजावलं होतं.

देवस्थळींच्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शारदाबाई नाडगौडांबरोबर कक्षात उतरल्या. दाराची आतली बाजू त्यांनी हाताने चाचपली. रंगाचे पापुद्रे सुटले होते, पण रंग जळलेला नव्हता. मधल्या अस्तराने आच अडवली होती. दगड खोटं बोललाच नव्हता. तो दाराबाहेरचं सांगत होता आणि त्यांनी आतलं लिहून दिलं होतं.

उजव्या भिंतीवर खडूने सहा नावं लिहिली होती. त्यांच्याखाली रुपयाएवढे काळेलाल डाग होते, ओळीने. कोपऱ्यात गॅस कटर पडला होता.

“दार कापायचा प्रयत्न केला असेल बिचाऱ्यांनी,” नाडगौडा म्हणाले.

“दार तिकडे आहे, नाडगौडा. हे कातळावर आहेत.” शारदाबाई वाकल्या. “आतली घड्याळं बंद पडलेली. अंधारात दिवस कळत नव्हता. अंबादासला तारीख लिहिता येत नव्हती, म्हणून दगडाकडून लिहवून घेतली त्याने. झोपून उठलं की एक डाग.”

“ज्योत पेटवून? आहे तो प्राणवायू जाळून?”

“हो.”

पहिले बारा डाग छातीच्या उंचीवर होते. तेरावा गुडघ्यापाशी. उरलेले तीन जमिनीपासून वीतभर, आडव्या पडलेल्या माणसाचा हात पोहोचेल इतक्याच उंचीवर. शारदाबाईंनी भिंतीवर दिशेच्या खुणा करून बारा नमुने कापून घेतले. मग छिद्रणयंत्राचं पातं बोथट झालं. उरलेले चार उद्या घेऊ, असं त्या म्हणाल्या. नाडगौडांनी मान हलवली. निघताना त्यांनी कक्षाला कुलूप लावून चावी खिशात टाकली.

त्या दिवशी शारदाबाईंनी बारा नमुने मोजले. पहिला डाग आगीच्या दुसऱ्या दिवसाचा होता. पाचवा सहाव्या दिवसाचा. डागांमधलं अंतर कधी वीस तास होतं, कधी तीस. बारावा होता तेराव्या दिवसाचा, छिद्र पोहोचलं असतं त्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

आकडा त्यांनी कागदावर उतरवला.

उरलेले चार नमुने त्यांनी दुसऱ्या दिवशी कापून आणले आणि मोजले. चारही डागांची दिशा एकच होती. त्यांनी यंत्र तपासलं, पुन्हा मोजलं. चार डाग चार दिवसांचे नव्हतेच. चारही एकाच वेळचे होते, आणि ती वेळ कालची होती. संध्याकाळी पाच ते सातमधली.

आपण कक्षातून निघाल्यावर कुणीतरी तिथे परत गेलं होतं. कक्षाची चावी एकाकडेच होती.

शारदाबाईंनी प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग बाजूला काढला. उरलेले अर्धे त्यांनी भट्टीत ठेवले. दोनशे अंशांना तापवले, गार केले, मोजले. तीनशेला. चारशेला. कालची दिशा हळूहळू पुसट होत गेली आणि चारशे वीसला पार निघून गेली. तिच्याखाली दुसरी दिशा होती.

परत जाणाऱ्या माणसाला घाई होती. त्याने दगड पुरता तापेपर्यंत ज्योत धरली नव्हती. चारशे वीसच्या खालची आठवण तेवढी पुसली गेली आणि तिच्या जागी पुसण्याची वेळ लिहिली गेली. अंबादासने मात्र दगड लाल होईपर्यंत धीर धरला होता. कक्षात किती थोडी हवा उरली आहे ते ठाऊक असतानाही.

चौदावा दिवस. पंधरावा. सतरावा. शेवटचा डाग अठराव्या दिवसाचा, पहाटे चारच्या सुमाराचा.

नाडगौडा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रयोगशाळेत आले. शारदाबाईंनी अहवाल त्यांच्यापुढे सरकवला. ते वाचत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

“उमराणी बाई,” ते अखेर म्हणाले, “मी काम थांबवलं ते तुमच्या सहीवर. हे बाहेर आलं तर माझ्याबरोबर तुम्हीही जाल. चौतीस वर्षांचं सगळं जाईल. यापुढे तुमच्या कुठल्या दगडावर कोण विश्वास ठेवेल?”

“हाच विचार दुपारपासून करतेय. उद्या वकील पहिला प्रश्न हाच विचारेल. बाई एकदा चुकल्या, मग आता कशावरून बरोबर?”

“मग?”

“मग माझ्या शब्दावर कुणी विसंबायलाच नको. नमुन्यांचे अर्धे भाग मी दुपारी दुसऱ्या तीन प्रयोगशाळांकडे पाठवले. कुणाचे, कुठले, काही न कळवता. तिघांनाही हेच सापडेल. अठरावा दिवस, आणि परवाची संध्याकाळ.”

नाडगौडा खुर्चीत खचले. “माझं नाव पहिल्या पानावर घातलंत?”

“नाही,” शारदाबाई म्हणाल्या. “तुम्ही चौथ्या पानावर आहात. पहिल्या पानावर माझं आहे.”